एका बॅगेत न मावणारा संसार

आमच्या दिवाणावर जुनी चादर अंथरून शेजारच्या मुलीने आपले सगळे सामान मांडले होते. कॅननची १५००डी, तिच्याबरोबर आलेली १८-५५, मग घेतलेली ५५-२५०, पन्नासची चिमुकली लेन्स आणि नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेली सिग्माची १५०-६००. बाजूला फ्लॅश, दोन बॅटऱ्या, चार्जर, ब्लोअर, कार्डांची डबी. "काका, या सगळ्याला पुरेल अशी एकच चांगली बॅग सांगा नं. दिवाळीत दुसरी बॉडी घेणार आहे, तीही मावली पाहिजे."

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. एकेक वस्तू ठेवत गेलो, ती आकडे लिहीत गेली. बॉडी बॅटरीसकट ४७५ ग्रॅम, १८-५५ दोनशे, ५५-२५० पावणेचारशे, पन्नासची १६० आणि सिग्मा एकटीच १,९३०. बेरीज ३,१४० ग्रॅम. फ्लॅश आणि किरकोळ सामान धरून पावणेचार किलो. तिने पसंत केलेली सॅक रिकामीच दोन किलोंची. ट्रायपॉड दीड किलो, पाण्याची बाटली एक किलो. सव्वाआठ किलो झाले, आणि दुसरी बॉडी अजून यायची होती.

"हे सगळं पाठीवर घेऊन तू जाणार कुठं?" मी विचारले. तिने बोटांवर मोजले. रविवारी सकाळी अंबाझरीवर पक्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, मामेबहिणीचे लग्न, वर्षातून दोनदा ताडोबा किंवा पेंच. यांतल्या एकाही ठिकाणी पाचही वस्तू एकदम लागत नव्हत्या. पक्ष्यांना सिग्मा पुरते, लग्नात सिग्मा निघतच नाही, मारबतीत ५५-२५० सुद्धा क्वचित. तिला हवी होती ती बॅग म्हणजे पाठीवरचे कपाट होते.

वाढत्या सामानाच्या बॅगेचा प्रश्न नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक हौशी फोटोग्राफरला कधी ना कधी पडतो, आणि बहुतेकांचे उत्तर सारखेच चुकते. सामान वाढले की मोठी बॅग, आणखी वाढले की आणखी मोठी. पंचवीस वर्षांत मी स्वतः सात बॅगा घेतल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन आज माळ्यावर आहेत, सर्वांत लहान अजून रोज खांद्यावर आहे. ठेवायची जागा आणि न्यायची पिशवी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कळायला मला एक लेन्स गमवावी लागली. ती हकिगत पुढे सांगतो.

आधी बॅग या वस्तूचा इतिहास थोडा पाहू. आपल्याकडे फिल्मच्या दिवसांत कॅमेऱ्याला कातडी एव्हररेडी केस असे, आणि लग्नाचे फोटोग्राफर ब्रीफकेसमध्ये फोम कापून खाचा करत. खास कॅमेऱ्यासाठी शिवलेली मऊ बॅग ही अलीकडची गोष्ट. अमेरिकेत ग्रेग लो या गिर्यारोहकाने १९६७ साली लोवेप्रो सुरू केली, ती डोंगरात कॅमेरा न्यायचा म्हणून. जिम डोमकी फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने कॅनव्हासची, अंगालगत बसणारी, झटकन हात घालता येईल अशी एफ-२ बॅग बेतली. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने १९७३ साली सुरुवात केली तीच मुळी मासेमारीच्या पिशव्यांनी, कॅमेरे त्यात नंतर शिरले. या तिन्ही बॅगा अजून विकल्या जातात आणि नावाजल्या जातात. तिन्ही एकेका कामातून जन्मल्या: कडा, बातमी, नदीकाठ. 'माझ्याजवळचे सगळे मावले पाहिजे' या गरजेतून त्यांतली एकही निघाली नाही. लोकमत चौकात चहाच्या टपरीवर वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर भेटतात, त्यांच्या खांद्याकडे एकदा नीट पाहावे. पंधरा-वीस वर्षे हे काम करणाऱ्यांच्या बॅगा हौशी लोकांच्या निम्म्या असतात.

आता ठेवण्याविषयी. इथे मला सविस्तर लिहायचे आहे, कारण नागपुरात याची एक वेगळीच अडचण आहे आणि मुंबई-पुण्याचा सल्ला इथे अपुरा पडतो.

लेन्सला बुरशी लागते ती पावसाळ्यात, असे सगळीकडे सांगतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली, अंधार असला, हवा हलत नसली की काचेवर आधीच असलेले बीजाणू रुजतात. बोटांचा तेलकटपणा आणि धूळ हे त्यांचे खाद्य. बुरशीतून झिरपणारे आम्ल काचेवरचा थर कोरते, आणि एकदा कोरला गेला की साफ करूनही डाग राहतो. बंद बॅग म्हणजे अंधार, साचलेली हवा आणि ओल धरून ठेवणारा फोम, तिन्ही एकत्र. म्हणूनच कॅमेरा बॅगेत साठवू नये.

नागपूरचा उन्हाळा कोरडा म्हणून इथे एप्रिल-मे निर्धोक, अशी माझीही समजूत होती. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत बाहेर ओल कुठून येणार? पण आपण घरात काय करतो? होळी झाली की कूलर काढतो, वुडवूलच्या नाहीतर खसच्या ताट्या बदलतो, आणि नवतपा उलटून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत दिवसरात्र ओली हवा खोलीत ओढत राहतो. कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ करूनच. मे महिन्यात एका दुपारी मी साधे आर्द्रतामापक दोन ठिकाणी ठेवून पाहिले. गच्चीवर सावलीत १७ टक्के, कूलरच्या खोलीत ६९. म्हणजे आपल्या घरात कॅमेऱ्याचा पावसाळा मार्चअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरला संपतो. सहा महिने.

माझी १०५ची मॅक्रो लेन्स अशीच गेली. फेब्रुवारीत फुलांचे फोटो काढून ती मोठ्या सॅकमध्ये ठेवली, सॅक पलंगाजवळ, पलंग कूलरसमोर. जूनच्या अखेरीस उघडली तेव्हा समोरच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी होती. दुरुस्ती करणाऱ्याने उजेडात धरून दाखवली आणि सांगितले, वरचे निघेल, आतले राहील. चूक सर्वस्वी माझी होती. बॅग चांगली होती, फोम जाड होता, चेन घट्ट होती, आणि त्या चांगुलपणामुळेच आत गेलेली ओल बाहेर पडली नाही.

म्हणून वाढत्या सामानाला पहिला खर्च बॅगेवर करू नये, घरच्या जागेवर करावा. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट पाच-सहा हजारांपासून मिळते. त्याचा काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा. त्याहून फार खाली नेल्यास आतले वंगण आणि रबर सुकते, म्हणून जास्त कोरडे ते जास्त चांगले असे नाही. एवढे पैसे नसतील तर रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, दोन-अडीचशेचे मापक आणि सिलिका जेल. निळे जेल ओल शोषून गुलाबी होते, नारिंगी असेल ते हिरवट. साधारण ११०-१२० अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येते. निळ्यातले कोबाल्टचे क्षार अंगाला बरे नाहीत, त्यामुळे नारिंगी घ्यावे आणि तापवायला स्वयंपाकाची कढई वापरू नये, जुन्या पत्र्याच्या डब्याचे झाकण पुरे. काही लोक जेलऐवजी तांदूळ ठेवतात. त्याचा भुसा लेन्सच्या फटींत जातो, ओलही फारशी धरली जात नाही.

डबा कुठे ठेवायचा, हेही इथल्या लोकांना आता सांगावे लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. रामदासपेठेतल्या कितीतरी तळमजल्यांवर पाणी आले. पलंगाखाली, सोफ्यामागे, कपाटाच्या तळच्या खणात ठेवलेले सगळे भिजले. अशा वेळी माणसे आणि म्हातारी मंडळी आधी वर न्यायची असतात, कॅमेरा कोणाला आठवतो? तेव्हा सामानाची नेहमीचीच जागा कमरेच्या वर हवी.

घरची जागा ठरली की बॅगेचा प्रश्न एकदम लहान होतो. बॅगेने सगळे सांभाळायचे नसते, आज सकाळी निघताना जे काढले तेवढेच न्यायचे असते. मग एकेक फेरी पाहू.

जंगलाची फेरी सर्वांत अवघड. नागपूरकरांना ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला सगळेच गाडीच्या टप्प्यात, त्यामुळे इथे लांब लेन्स बाकी शहरांपेक्षा लवकर घरात येते. पहाटे निघायचे, गेटवर जिप्सीत बसायचे. जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक. पायाजवळ किती जागा उरते ते बसल्यावरच कळते. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची सॅक गुडघ्यांत धरून बसलेला माणूस वाघ डावीकडे निघाला की वळूही शकत नाही. शिवाय पुढच्या गाडीने उडवलेली मुरमाची धूळ. मार्च ते मे या काळात ती पिठासारखी बारीक असते आणि उघड्या चेनीतून थेट आत बसते. परत आल्यावर बॅगेच्या तळाशी साचलेली हीच धूळ पुढच्या महिन्यात बॉडीचे झाकण काढले की सेन्सरवर दिसते.

माझी पद्धत सांगतो. गेटपर्यंत सॅक, तिथे सॅक बंद करून गाडीत खाली. जिप्सीत लांब लेन्स बॉडीला लावलेलीच मांडीवर, तिच्यावर उशीचा धुतलेला अभ्रा, आणि कमरेच्या पाउचमध्ये बॅटरी, कार्ड, पुसायचे कापड. लेन्स जंगलात बदलायचीच नाही. जवळचे काही टिपायचे तर दुसरी बॉडी गळ्यात. जी मुलगी दिवाळीत दुसरी बॉडी घेणार म्हणत होती, तिचा तो विचार तिच्या बॅगेच्या विचारापेक्षा शंभर पटींनी बरोबर होता. टेकू म्हणून बीन बॅग रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर ज्वारी किंवा तांदूळ भरावेत. दोन-अडीच किलो वजन घरापासून वाहायचे कारण नाही.

लांब लेन्सची बॅग घेताना लोक लेन्सची लांबी पाहतात, लावलेल्या अवस्थेतली पाहत नाहीत. सिग्माची १५०-६०० मिटवून २६ सेंटिमीटर भरते. बॉडीला लावली की ३२-३३, हूड सरळ लावले तर चाळिशीच्या पुढे. आणि इथेच वाढत्या सामानाची खरी गोम आहे. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची झेड १८०-६०० घ्यायला जाल तर त्या झूम करताना लांबत नाहीत ही मोठी सोय, पण मिटतही नाहीत. दोन्ही जवळजवळ ३२ सेंटिमीटर, नुसत्या. म्हणजे आज सिग्माला नेमकी बसणारी सॅक उद्या सहा सेंटिमीटरने तोकडी. बॉडी मिररलेस झाल्या, थोड्या हलक्या झाल्या, पण काच तेवढीच राहिली. या कारणाने लांब लेन्सला तिची स्वतंत्र खोळ असावी, आणि सॅक बाकीच्यांसाठी असावी, हे माझे ठाम मत आहे. लेन्स बदलली तर खोळ बदलेल, सॅक नाही.

गर्दीची फेरी याच्या अगदी उलट. मारबतीची मिरवणूक इतवारी-महालच्या बोळांतून जाते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि मागून बडगे येतात तेव्हा तिथे हात वर करायलाही जागा नसते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आसपासचे रस्ते वाहनांना बंद, आमच्याकडून चालतच जावे लागते. दूरदूरच्या गावांहून म्हातारी माणसे, कडेवरची मुले घेऊन बाया येतात. आपण मागे वळलो की पाठीवरची फुगलेली सॅक बरोबर त्यांच्या तोंडावर बसते. हे मी माझ्या हातून होताना पाहिले आहे, आणि त्यानंतर तिथे सॅक नेलेली नाही. खांद्यावरची लहान आडवी बॅग, पुढे पोटावर घेतलेली, आत एक बॉडी, एक ३५ किंवा १८-५५, एक जादा बॅटरी. चोरीपासूनही हीच सर्वांत सुरक्षित. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या सॅक चोरीविरोधी म्हणून विकल्या जातात, त्या बऱ्या आहेत, पण गर्दीत फोटो काढायला सॅक काढून जमिनीवर टेकवायची कुठे?

लग्नाविषयी फार सांगण्यासारखे नाही. हॉलमध्ये सामान एका कोपऱ्यात राहते, त्यामुळे चाकांची बॅग चालते, कुलूप मात्र हवे.

विमानाने जायचे असेल तर सगळे गणित सात किलोंचे. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या तेवढीच परवानगी देतात, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातच ठेवाव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. पेलिकनच्या १५१० या कडक पेटीची कीर्ती सार्थ आहे, पाणी जात नाही, पडली तरी आतले फुटत नाही. पण फोमसकट ती रिकामीच सहा किलोंच्या पुढे भरते. काझीरंग्याला जाणाऱ्या माणसाने तिच्यात उरलेल्या एका किलोत काय न्यावे?

आणि रोजची फेरी म्हणजे दुचाकी. कितीतरी लोक सॅक ॲक्टिवाच्या पायाजवळ ठेवतात. तिथे प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बसतो आणि लेन्सचे बारीक स्क्रू हळूहळू ढिले होतात. पाठीवर, छातीचा पट्टा लावून, सॅकचा तळ सीटला जेमतेम टेकेल अशी घ्यावी. उन्हाळ्यात उभ्या गाडीत तर बॅग मुळीच सोडू नये. बंद काचांच्या आत मे महिन्यात होणाऱ्या तापमानात बॅटऱ्या फुगतात आणि लेन्सचे वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते. काळ्या बॅगेपेक्षा खाकी किंवा राखी रंगाची आपल्या उन्हात नक्की कमी तापते. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर येताना बॅग अर्धा तास तशीच बंद ठेवावी, नाहीतर थंड काचेवर दव धरते. मे महिन्यात हे करायची गरज नसते, हवेत तेवढी वाफच नसते.

दुकानात बॅग हातात घेतली की काय पाहावे? चेन सर्वांत आधी, कारण बॅग मरते ती चेनीने. बारीक पाच नंबरची चेन मोठ्या सॅकला लावली असेल तर परत ठेवून द्यावी, आठ किंवा दहा नंबरची असावी. चेन कोपऱ्यावर अडते का, ते बॅग भरून पाहायचे, रिकामी नाही. धूळ बसून रनर जड झाला तर मेणबत्तीचा तुकडा चेनीवरून फिरवला की पुन्हा सरकतो. मग आतला थर. बऱ्याच बॅगांच्या आत पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. उष्णता आणि ओल आलटून पालटून मिळाली की पाच-सात वर्षांत तो चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात, ते लेन्सला चिकटतात. जुनी बॅग कोणी स्वस्तात देत असेल तर आत बोट फिरवून पाहावे. फोम दाबून सोडावा, लगेच वर आला पाहिजे.

पाठीच्या लांबीकडे मात्र कोणी पाहत नाही आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त स्त्रियांना होतो. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर बसला तर वजन पायांवर जाते, पोटावर बसला तर सगळे खांद्यांवर. बहुतेक कॅमेरा सॅक एकाच मापाच्या असतात, सरासरी पुरुषाच्या. ट्रेकिंगच्या सॅक बनवणारे वेगवेगळी मापे देतात, लांबी कमीजास्त करायची सोय ठेवतात. म्हणून मला अलीकडे इन्सर्टचा मार्ग सगळ्यांत पटतो. इन्सर्ट म्हणजे नुसता फोमचा खाना, वेल्क्रोच्या कप्प्यांसकट. आपल्या अंगाला बसणारी साधी ट्रेकिंगची सॅक घ्यायची आणि त्यात फेरीप्रमाणे लहान किंवा मोठा इन्सर्ट ठेवायचा. सामान वाढले तर इन्सर्ट वाढतो, पाठीची सवय मोडत नाही. शिवाय वरून कोणालाही आत कॅमेरा आहे हे कळत नाही. गैरसोय एकच, वरून उघडणाऱ्या सॅकमधून तो उपसावा लागतो. पुढून पूर्ण उघडणारी सॅक मिळाली तर तीही गैरसोय उरत नाही.

पैशांचे म्हणाल तर दीड-दोन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत बॅगा मिळतात. चार-पाच हजारांच्या खाली शिवण आणि पट्टे यांत काटकसर दिसते, त्या पुढे ती कमी होते. पंधरा हजारांच्या वर आपण बहुतेक बक्कल, चुंबक आणि रूप यांचे पैसे देतो. ते द्यायचे की त्यात एक चांगली जुनी लेन्स घ्यायची, हे ज्याने त्याने ठरवावे. मी लेन्स घेईन.

त्या मुलीने शेवटी सॅक घेतलीच नाही, तिची कॉलेजच्या ट्रेकची सॅक अजून धड होती. तिने दोन इन्सर्ट मागवले, मारबतीसाठी खांद्यावरची लहान बॅग घेतली, आणि घरी वरच्या खणात डबा व मापक ठेवले. सिग्माच्या खोळीसाठी आम्ही दोघे सीताबर्डीवर बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. लेन्स दोन्ही हातांनी उचलून त्याने फिरवून पाहिली, घेर मोजला, उंची मोजली, मग टेप बाजूला ठेवून विचारले, "ताई, हे पुढचं टोपण उलटं लावून ठेवता का काढून? त्याच्यावर माप बदलते." तिने हूड उलटे लावून दाखवले. त्याने घेर एक सेंटिमीटरने वाढवला, आत मखमल नको, तिला धूळ धरते, असे स्वतःच म्हणाला आणि दहा नंबरची चेन दोन रनरसकट लावायचे ठरले. साडेसातशे रुपये, गुरुवारी संध्याकाळी.